हन्ना घरी राहिली

वाचावयाचा भाग: १ शमुवेल, अध्याय १, ओव्या २१ ते २८



दिवाळी सरली की आमच्या परभणी जिल्ह्यातील पुष्कळ गावांत घरांची कवाडे बंद होऊ लागतात. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर अशा तालुक्यांतील किती तरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन उसाच्या फडाकडे निघतात, आणि पुढे चार-पाच महिने त्यांचा संसार परमुलखी, कोपीत चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथील हिशेब आहे. त्या हिशेबात पाळण्यातल्या बालकाची गणना होत नाही. तथापि ते आईबरोबर जाते, कारण ते अद्याप अंगावर पीत असते. निघण्याच्या आठ-दहा दिवस अगोदर शेजारची कोणी जाणती बाई येऊन सांगते, "पोर आठ महिन्यांचे झाले, आता त्याचे दूध तोड. नाही तर फडात ते तुला काम करू देणार नाही." मग कडुलिंबाचा पाला वाटून, अथवा कोरफडीचा गर लावून, आईचे अंग कडू करितात. बालक सवयीप्रमाणे तोंड लावते, दचकते, रडते. दोन-तीन रात्री सारे घर जागते, आणि मग सर्व म्हणतात की, सुटले एकदाचे.

ह्या विषयावर आज आम्ही लिहीत आहो. कोणी म्हणेल, हा बायकांनी चुलीपाशी बोलावयाचा विषय, उपदेशाच्या जागी तो कशाला? त्यांस आमचे उत्तर इतकेच की, पवित्र शास्त्राने ह्या विषयाची लाज धरलेली नाही. इसहाकाचे दूध तुटले तो दिवस शास्त्रात लिहून ठेविला आहे. शमुवेलाचे दूध केव्हा तोडावे ह्याविषयी नवरा-बायकोमध्ये झालेले बोलणेही लिहून ठेविले आहे. ज्या गोष्टीवर लहान जिवाचे जगणे-मरणे अवलंबून असते, ती देवाच्या दृष्टीने हलकी नाही. तेव्हा आमच्या दृष्टीनेही ती हलकी असू नये.

हन्नेची गोष्ट मंडळीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपण ती बहुधा तिच्या प्रार्थनेपाशी थांबवितो, आणि मग एकदम लहान शमुवेलाच्या हाकेकडे उडी मारितो. ह्या दोहोंच्या मध्ये चार ओव्या आहेत, त्यांकडे आज लक्ष द्यावे. एलकाना दर वर्षी सर्व घराण्यासह शिलो येथे यज्ञ करावयास जात असे. ही त्यांची मोठी यात्रा होती. शमुवेल जन्मला त्यानंतरच्या वर्षी सर्व मंडळी निघाली, पण हन्ना निघाली नाही. ती नवऱ्यास म्हणाली की, मुलाचे दूध तुटेपर्यंत मी घरीच राहीन, आणि मग त्याला घेऊन येईन. जी बाई देवाच्या मंदिरात इतकी कळवळून रडली होती की याजकास ती प्यालेली वाटली, ती काही भक्तीत आळशी नव्हती. तिने यात्रा चुकविली ती मुलास पाजण्यासाठी. आणि एलकानाने काय केले? त्याने तिला बोल लाविला नाही, शेजारी काय म्हणतील असे विचारिले नाही, आपल्या आईची साक्ष काढिली नाही. तुला बरे दिसेल तसे कर, अशा अर्थाचे बोलून त्याने ती गोष्ट तिच्या विचारावर सोपविली आणि तो आपल्या वाटेने गेला.

हे दूध किती दिवस चालले असावे? इब्री लोकांत ते पुष्कळ काळ चालत असे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची आई आपण मुलास तीन वर्षे पाजल्याचे सांगते. ते पुस्तक आपण शास्त्रात गणीत नाही, तरी त्या काळच्या चालीची साक्ष म्हणून ते उपयोगी आहे. शेवटी हन्ना शमुवेलास घेऊन शिलोस गेली, तेव्हा तिच्याबरोबर एफाभर पीठ होते असे लिहिले आहे. ते पीठ यज्ञासाठी होते हे खरे. तरी दुधाचे दिवस संपवून आलेल्या आईच्या हाती पीठ असावे, हे वाचताना आम्हांस गोड वाटते. ह्या गोष्टीवरून आम्ही तीन गोष्टी मांडितो.

पहिली गोष्ट ही की, सहा महिने पूर्ण झाले म्हणजे दुधाला अन्नाची जोड दिलीच पाहिजे.

पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बालकास काही नको. वरचे पाणीसुद्धा नको. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांचा अनुभव पाहून हाच नियम सांगितला, आणि आपल्या देशानेही तोच धरिला आहे. परंतु सहा महिन्यांनंतर दूध एकटे पुरे पडत नाही. मूल जन्मताना आईच्या उदरातून लोहाचा जो साठा घेऊन येते तो ह्या सुमारास सरत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडेच असते. म्हणून ज्या घरी वर्षाचे मूल नुसते अंगावर पिते आणि आई अभिमानाने सांगते की, ह्याला अजून दुसऱ्या कशाची गरज नाही, त्या घरी ते मूल हळूहळू फिकट पडते आणि त्याची वाढ अडते. कित्येक घरी उष्टावण थाटाने होते, मामा वाटीतून खीर चाटवितो, पाहुणे जेवतात. आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे तीन महिने त्या वाटीत काही पडत नाही.

किती द्यावे, हे उपदेशक बंधूंनी व बायबल स्त्रियांनी पाठ करून ठेवावे. सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन मोठे चमचे अशा मापाने आरंभ करावा आणि वाढवीत वाढवीत अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. असे दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा द्यावे, आणि मधून काही खाऊ द्यावा. वर्ष झाले म्हणजे पाऊण वाटी ते वाटीभर अन्न एका वेळेस जावे. येथे वाटी म्हणजे पाव लिटर पाणी मावेल एवढी मोठी समजावी. अन्न दाट असावे. चमचा तिरपा केला तरी ते पटकन ओघळू नये. पातळ पेज आणि वरणाचे वरचे पाणी ह्यांनी लहान पोट भरते, पण अंग भरत नाही. कारण बालकाचे पोट थोडेसेच मावून घेते, आणि ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा कोठून राहावी?

आणि हे अन्न विकत आणावयाचे नाही. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, त्यात मुगाचे वरण घोटून, वर चमचाभर तेल अथवा तूप घातले म्हणजे उत्तम अन्न होते. भाकरी वरणात कुस्करून, मऊ करून द्यावी. शिजलेले अंडे, मेथी-पालकासारखी भाजी घोटून, पिकलेले केळे अथवा पपई, हे सर्व सहा महिन्यांनंतर चालते. शेंगदाणा अख्खा कधी देऊ नये, तो घशात अडकतो. त्याचे बारीक कूट करून अन्नात मिसळावे. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. चहात बुडविलेले बिस्कीट तर मुळीच देऊ नये. ते स्वस्त पडते व मूल गप्प बसते, म्हणून कोपीत त्याचा मोठा चाल आहे. परंतु चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, आणि बिस्किटाच्या गोडीने मुलाची भूक मरते.

ज्वारी हे गरिबाचे धान्य म्हणून तिला कोणी कमी लेखू नये. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले आणि ज्यास आता वसंतराव नाईक ह्यांचे नाव आहे, २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण दिले. हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साहाय्याने ते तयार झाले. साधारण ज्वारीच्या एका किलोत लोह सुमारे ३० मिलिग्रॅम व जस्त सुमारे २० मिलिग्रॅम असते. ह्या वाणात लोह ४५ व जस्त ३२ मिलिग्रॅमपर्यंत आहे. ज्यांस दोन गुंठे का होईना जमीन आहे त्यांनी लेकरांसाठी अशी ज्वारी एका कोपऱ्यात पेरावी. देवाने आमच्या काळ्या मातीत लेकरांचे अन्न ठेविले आहे.

तरीही स्थिती काय आहे ती ऐका. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, आपल्या देशात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे अकरांनाच पुरेसे व योग्य अन्न मिळते. ह्याचे कारण सर्वत्र दारिद्र्यच आहे असे नाही. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात संदेष्टा यरुशलेमेच्या विपत्तीचे वर्णन करितो, तेव्हा तान्ह्याची तहान आणि लहान मुलाची भूक ही दोन्ही एका दमात सांगतो. आणि मुलांस भाकर मोडून देणारा कोणी नाही ह्याचे त्याला दुःख आहे. यरुशलेमेत भाकर नव्हती. आमच्या घरी पुष्कळदा भाकर टोपलीत असते, पण ती कुस्करून, मांडीवर घेऊन, एकेक घास भरविणारा हात रिकामा नसतो. बालक स्वतः जेवत नाही. त्याला कोणी तरी जेवू घालावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. होशेयाच्या पुस्तकात देव आपल्याविषयी सांगतो की, त्याने वाकून एफ्राइमास भरविले. जे काम करावयास देव वाकला ते करावयास घरातील बापाने व आजोबांनी का वाकू नये?

दुसरी गोष्ट ही की, अन्न सुरू झाले म्हणून दूध तोडू नये.

पुष्कळांची समजूत अशी आहे की, अन्न आणि दूध ह्या दोन गाड्या आहेत; एकीत बसले की दुसरीतून उतरावयाचे. हे खरे नव्हे. सहा महिने ते वर्ष ह्या काळात बालकाला लागणाऱ्या शक्तीपैकी अर्धी किंवा त्याहून अधिक आईच्या दुधातून येऊ शकते, आणि दुसऱ्या वर्षातही सुमारे एक-तृतीयांश येते. म्हणून दोन वर्षांपर्यंत, आणि आईची व बालकाची इच्छा असल्यास त्यापुढेही, अन्नाबरोबर दूध चालू ठेवावे असे आरोग्यशास्त्र सांगते. वर्षानंतर दुधाचे पाणी होते, ही गोष्ट खोटी आहे. दुसऱ्या वर्षीही त्यात स्निग्धांश असतो, डोळ्यांस लागणारे अ जीवनसत्त्व असते, आणि रोगाशी झुंजणारे द्रव्य असते. मूल तापाने फणफणले किंवा त्याला हगवण लागली म्हणजे ते घास तोंडाबाहेर लोटते, पण अंगावर मात्र पिते. त्या चार दिवसांत तेच त्याचे अन्न, तेच पाणी आणि तोच धीर. ज्याचे दूध तोडले आहे त्याला त्या दिवसांत काय उरते? म्हणून आजारात अंगावरचे दूध कधी बंद करू नये. हगवणीत क्षारसंजीवनी व जस्ताची गोळी आरोग्य केंद्रातून आणावी, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक जेवण अधिक घालावे.

दूर आफ्रिकेतील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९३० नंतरच्या वर्षांत गोल्ड कोस्ट म्हणजे आजच्या घाना देशात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई काम करीत होत्या. त्यांच्याकडे एक-दोन वर्षांची मुले येत. त्यांचे पाय सुजलेले, केस विटलेले, कातडी सोललेली, आणि चेहरा उदास. बाईंनी तेथल्या आयांस विचारिले की, तुम्ही ह्या दुखण्यास काय म्हणता? गा भाषेत त्यांनी सांगितले, क्वाशिओरकोर. म्हणजे धाकटे आले म्हणजे बाजूस सारलेल्या मुलाला होणारे दुखणे. बाईंनी तेच नाव १९३५ साली वैद्यकाच्या जगापुढे ठेविले, आणि आजही सर्व जगातील वैद्यक तेच नाव वापरते. जे पुस्तकांत नव्हते ते त्या निरक्षर आयांस ठाऊक होते. दूध तुटले आणि त्याच्या जागी नुसती कांजी आली, म्हणजे मूल त्या वाटेस लागते.

आमच्याकडेही आईला दिवस गेले की, आता दूध विटाळले, बाधेल, असे म्हणून थोरल्याचे दूध एका दिवसात तोडितात. गरोदरपणात दूध बाधत नाही. आई सशक्त असून तिला पोटभर अन्न मिळत असेल तर ती पाजू शकते. मात्र पूर्वी गर्भपात झालेला असेल, अपुऱ्या दिवसांचे मूल झाले असेल अथवा रक्त जात असेल, तर आधी डॉक्टरास विचारावे. आणि तोडावेच लागले तर थोरल्याच्या ताटाकडे दुप्पट लक्ष द्यावे. अंगावरचे दूध तोडून तोंडात बाटली देणे हे तर सर्वांत वाईट. कोपीपाशी स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळावयास सरपण नाही. अशा ठिकाणी बाटली म्हणजे हगवणीची कुपी होय. दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

तिसरी गोष्ट ही की, मुलास पाजणे व भरविणे हे काम आहे, आणि त्या कामाचा मान व मोबदला आईस मिळाला पाहिजे.

मोशे नदीकाठी सापडला तेव्हा फारोच्या कन्येने त्याला पाजण्यास एक इब्री बाई ठेविली, आणि त्याबद्दल वेतन देण्याचे कबूल केले. ती बाई मोशेची स्वतःची आई होती हे तिला ठाऊक नव्हते. पाहा, त्या परधर्मी राजकन्येस कळले की, मूल पाजणे ही मेहनत आहे आणि मेहनतीस मजुरी लागते. आम्ही मात्र घरातील बाईस म्हणतो की, तू बसून काय करितेस? पाजणारी आई दिवसाकाठी आपल्या अंगातून सुमारे पाचशे उष्मांक मुलास देते. ते भरून निघण्यास तिला नेहमीच्या जेवणाहून दोन मोठ्या भाकरी आणि वाटीभर वरण अधिक पाहिजे. ते कोणाच्या घरी तिच्या ताटात पडते? सर्वांचे झाल्यावर जे उरेल ते तिने खावयाचे, आणि पान्हा आटला म्हणजे तिच्या कपाळी दोष.

सरकारने १९६१ च्या कायद्याने कारखान्यांतील व इतर कामांवरील मातांस, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोन वेळा पाजण्याची सुटी दिली आहे. उसाच्या फडात अशी सुटी सांगणारी घंटा वाजत नाही. पहाटे काळोखात मोळ्या बांधण्यास आरंभ होतो आणि गाडी भरेपर्यंत हात थांबत नाही. म्हणून जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे नवऱ्याचे मन पोहोचले पाहिजे. अहो कोयत्याच्या धन्या, तू एलकाना हो. यंदा तिला घरी ठेवणे तुला शक्य असेल, आणि घरी सासू-सासऱ्यांजवळ दोन वेळच्या दाण्यांची सोय असेल, तर एक हंगाम तिला राहू दे. हन्नेने तर देवाची यात्राही चुकविली. शक्य नसेल, आणि बहुतांस ते शक्य नसते हे आम्ही जाणतो, कारण उचल आधीच फिटलेल्या देण्यात गेलेली असते, तर तिच्याबरोबर बालकास दुधासह ने. दूध तोडून नेऊ नको.

फडात कसे करावे? निघण्यापूर्वी आईने पहाटे पाजावे, दुपारी मूल जवळ आणवून पाजावे, परतल्याबरोबर पाजावे, आणि रात्री मूल मागेल तेव्हा पाजावे. रात्री पाजल्याने पान्हा टिकतो. मूल कोपीत राहणार असेल तर हात धुऊन स्वच्छ वाटीत दूध काढून, झाकून, सावलीत ठेवावे, आणि ज्याच्यापाशी मूल असेल त्याने ते चार तासांच्या आत, ऊन असल्यास त्याहूनही लवकर, चमच्याने पाजावे. गावाहून निघतानाच दोन वाट्या ज्वारी, एक वाटी मुगाची डाळ व अर्धी वाटी शेंगदाणे, असे भाजून, बारीक दळून, डब्यात भरून न्यावे. ते पुष्कळ दिवस टिकते. दोन मूठ पीठ पाण्यात शिजविले की थोड्या वेळात दाट घाटा होतो, आणि तो करावयास फार सरपण लागत नाही. लसीचे कार्ड शिध्याच्या पिशवीत न विसरता ठेवावे, कारण नवव्या महिन्यातील गोवराची लस व अ जीवनसत्त्वाचा डोस ह्याच हंगामात चुकतो. जेथे जाल तेथील अंगणवाडीत नाव घालण्यास सांगावे, आणि सहा महिन्यांवरील मुलास आठवड्यातून दोनदा देण्याचे लोहाचे औषध आशाताईंपाशी मागावे.

मंडळीचेही येथे कर्तव्य आहे. दुधाचे मूल असलेली बाई रविवारी उपासनेस आली नाही तर तिची गैरहजेरी मांडू नये. बायबल स्त्रीने तिच्या घरी जाऊन शास्त्रपाठ करावा आणि जाता जाता वाटीत काय आहे ते पाहावे. ती आली आणि उपासनेत मूल रडले, तर तिने तेथेच पदराआड पाजावे. कोणी मागे वळून पाहू नये. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी धान्य अर्पण होते, त्यातील काही पायली अशा घरांसाठी राखून ठेवावे. ह्या कामास शिकलेल्या बाया पाहिजेत असेही नाही. १९७० साली जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने काम आरंभिले, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या साध्या, पुष्कळशा निरक्षर आणि अस्पृश्य गणलेल्या जातींतील स्त्रियांस शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांनी घरोघर मुले वजन करून पाहिली आणि आयांस काय भरवावे ते दाखविले. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पण त्याचा पाया त्या बायांच्या पायपिटीत होता. पुढे २००५ साली औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथून सरकारने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढिले. दोन वर्षांखालील मुलांत खुरटलेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ साली शंभरात ३९ होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ दिसले. म्हणजे मनावर घेतले तर ही गोष्ट बदलते. परंतु ती आपोआप टिकत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या राज्यातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी आढळली.

आता दूध शेवटी तोडावयाचे कसे, हे सांगून पुरे करितो. इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी केली. कडुलिंबाची वाटी आणि अब्राहामाची मेजवानी ह्यांत किती अंतर आहे पाहा. एकीत मुलास असे कळते की, कालपर्यंत गोड असलेली आई आज कडू झाली. दुसरीत त्याला कळते की, आता तू आमच्या पंक्तीस बसण्याजोगा झालास. वेळ आली म्हणजे एक-एक वेळचे पाजणे कमी करावे; प्रथम दुपारचे सोडावे, काही दिवसांनी दुसरे, सर्वांच्या शेवटी रात्रीचे. त्या-त्या वेळेस खाऊ, गोष्ट आणि मांडी द्यावी. मूल आजारी असताना, गाव सोडताना, किंवा दुसरे बाळ जन्मले त्याच आठवड्यात तोडू नये. असे केले म्हणजे एकशे एकतिसाव्या स्तोत्रात दावीदाने जे चित्र काढिले ते घरात दिसेल. तेथे दूध तुटलेले बालक आईपासून दूर पडून रडत नाही; ते तिच्याच अंगाशी निवांत टेकलेले आहे. दूध गेले आहे, आई गेलेली नाही.

उपदेशक बंधूंनो, ह्यात तुमच्या कामासाठीही शिकवण आहे. पौल व इब्री लोकांस पत्र लिहिणारा, हे दोघे दुधावरच राहणाऱ्यांस दोष देतात. पेत्र मात्र नव्या जन्मलेल्यांनी दुधाची इच्छा धरावी असे सांगतो. हे परस्परविरुद्ध नाही. नव्या विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला की आम्ही पुष्कळदा त्याचे दूध एका दिवसात तोडितो. आता तू ख्रिस्ती झालास, तुझे तू पाहा, असे म्हणून पुढच्या गावी जातो. दुसरीकडे वीस वर्षांच्या विश्वासणाऱ्यांस तीच चार गीते आणि तोच एक उपदेश देत राहतो, आणि दाट अन्न कधी वाढीत नाही. दोन्ही द्या. घास वाढवीत न्या, आणि कुशी काढून घेऊ नका. पौलाने थेस्सलनीकेतल्या मंडळीस सांगितले की, तो त्यांच्यामध्ये मुलांचे लालनपालन करणाऱ्या आईसारखा सौम्य होता.

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. ह्या मुलखातले लोक पिढ्यान्‌पिढ्या देवास माउली म्हणत आले आहेत. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) तेच नाव प्रभु ख्रिस्तास देऊन आमच्या गीतांत आणिले. ज्या शब्दाने आपण देवास हाक मारितो, त्या शब्दाचा मान आपल्या घरच्या माउलीस मिळो. यशया संदेष्टा विचारितो की, आई आपल्या तान्ह्यास विसरेल काय. आणि ती विसरली तरी देव विसरणार नाही असे तो सांगतो. आमच्या जिल्ह्यातील आया आपल्या तान्ह्यांस विसरत नाहीत. दारिद्र्य, देणे आणि घाई त्यांचे हात धरितात. ते हात मोकळे करणे हे आपल्या सर्वांचे काम आहे. ह्या हंगामात ज्या गावाहून कोयते निघतील, त्या गावच्या उपदेशकाने निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक दुधाच्या मुलाच्या घरी जावे, पिठाचा डबा भरला आहे की नाही ते विचारावे, एलकानाची गोष्ट नवऱ्यास वाचून दाखवावी, आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला प्रभूच्या स्वाधीन करावे. आमेन.